वारी चुकू नये : संत नामदेवांचे आयुष्य आणि घरातल्या ज्येष्ठांचे मानसिक उपचार

मानसोपचाराच्या ओपीडीत एक गोष्ट वारंवार दिसते. सत्तरीच्या आजींना मुलगा घेऊन येतो. दोन-तीन महिन्यांपासून झोप नाही, जेवण तुटले आहे, अंग दुखते, कोणाशी बोलावेसे वाटत नाही. तपासणी होते, गोळ्या सुरू होतात. दुसऱ्या भेटीला चेहरा थोडा उजळलेला असतो. तिसऱ्या भेटीला मात्र कोणी येत नाही. सोयाबीनची काढणी सुरू झालेली असते, मुलगा कामाला परत गेलेला असतो, आजींना बरे वाटू लागलेले असते. गोळ्या संपतात आणि कोणी नव्या आणत नाही. काही महिन्यांनी त्याच आजी पुन्हा येतात, या वेळी आधीपेक्षा जास्त खचलेल्या.

यात दोष कोणा एकाचा नसतो. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी कायम घ्यायची असते, हे आता घराघरांत माहीत आहे. मनाच्या आजाराचा उपचारही ठरावीक काळ, न तुटता चालवावा लागतो, हे तेवढे रुजलेले नाही. शिवाय ज्येष्ठ माणूस एकट्याच्या बळावर दर महिन्याला दवाखान्यात येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

हे समजून घेण्यासाठी या लेखात एका ओळखीच्या माणसाचे आयुष्य पाहू. ते म्हणजे हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे संत नामदेव महाराज. त्यांना एखादा मानसिक आजार होता, असे मुळीच म्हणायचे नाही. भक्ती केली की औषधाची गरज नाही, असेही सुचवायचे नाही. मात्र ठरलेल्या दिवशी परत येणे, कोणाच्या तरी सोबतीने चालणे आणि मागे राहिलेल्याला शोधत जाणे, या तीन गोष्टी नामदेवांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा येतात. ज्येष्ठांचे उपचारही याच तीन गोष्टींवर टिकतात.

नरसीचे शिंपी घराणे

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० साली कार्तिक शुद्ध एकादशीला झाला. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा व्यवसाय शिंप्याचा. कयाधू नदीच्या काठावरचे नरसी हे त्यांचे जन्मगाव मानले जाते. त्यावरून गावाचे नाव नरसी नामदेव असे झाले. काही अभ्यासक जन्मस्थान पंढरपूर मानतात. त्यांचे बालपण आणि संसार पंढरपुरात झाला, याबद्दल मात्र फारसा वाद नाही.

दामाशेटी पंढरीचे वारकरी होते. म्हणजे वारी या घरात नामदेवांच्या आधीपासून होती. पुढे नामदेवांचे लग्न राजाईशी झाले, त्यांना चार मुलगे आणि एक मुलगी झाली. गंगाखेडहून आलेल्या जनाबाईही याच घरात वाढल्या.

हे घर भरलेले होते, पण तिथे सगळे सुरळीत होते असे नाही. मुलगा शिवणकाम सोडून देवळात बसतो, घरात दाणा नाही, ही गोणाई आणि राजाईची तक्रार त्यांच्या नावावरच्या अभंगांतून आपल्यापर्यंत आली आहे. संतपरंपरेने ती तक्रार लपवली नाही, हे फार महत्त्वाचे आहे.

ज्येष्ठ रुग्णाच्या घरातही अशी एक राजाई असते. बहुतेकदा सून, मुलगी किंवा स्वतःच वय झालेली पत्नी. गोळ्या तीच देते, रात्री उठते तीच, चिडलेल्या माणसाचे बोलणे ऐकते तीच. तिला कंटाळा येणे, राग येणे हे नैसर्गिक आहे. तिची झोप आणि तब्येत ढासळली की रुग्णाचे उपचारही ढासळतात. म्हणून ओपीडीत डॉक्टरांनी तिचीही विचारपूस करावी आणि घरच्यांनी आठवड्यातून काही तास तरी तिला या कामातून मोकळे करावे.

कच्च्या मडक्याची गोष्ट

नामदेव तरुण असताना संतांचा मेळा जमला. त्यात तेरचे गोरोबाकाका होते, व्यवसायाने कुंभार. कथा अशी की, मडके पक्के की कच्चे हे थापटण्याने तपासतात, तसे त्यांनी सगळ्यांच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना मात्र राग आला. हे मडके कच्चे आहे, असा निकाल लागला. सर्वांसमोर झालेला हा अपमान नामदेवांना फार लागला आणि ते तडक पंढरपूरला विठ्ठलाकडे तक्रार घेऊन गेले. तिथून त्यांना विसोबा खेचरांकडे जाण्याची आज्ञा झाली.

आपल्याला मदतीची गरज आहे, हे दुसऱ्याच्या तोंडून चारचौघांत ऐकणे कोणालाही जड जाते. आयुष्यभर घर चालवलेल्या, गावात मान असलेल्या माणसाला तर जास्तच. "यांचे डोके फिरलेय, वेड्यांच्या डॉक्टरकडे नेतो" असे पाहुण्यांसमोर बोलले गेले, तर तो माणूस दवाखान्याची पायरी चढणार नाही. चढला तरी पुन्हा येणार नाही.

मग सांगायचे कसे? एकांतात, शांत वेळी, त्यांना स्वतःला जे त्रासदायक वाटते तिथून सुरुवात करा. बहुतेक ज्येष्ठ उदासीबद्दल बोलत नाहीत. ते झोप, भूक, पोट, छातीतली धडधड, गुडघे, अशक्तपणा याबद्दल बोलतात. म्हातारपणातले नैराश्य बऱ्याचदा याच रूपात दिसते. "झोप लागत नाही ना, त्यासाठी चांगले डॉक्टर आहेत, मी बरोबर येतो" हे वाक्य खरेही आहे आणि पचणारेही. खोटे सांगून मात्र नेऊ नका. डोळे तपासायला म्हणून घरातून काढले आणि मानसोपचाराच्या खोलीत नेऊन बसवले, तर एक भेट पदरात पडते आणि विश्वास मात्र कायमचा जातो.

कथेतले नामदेव रागावले, निघून गेले, पण पुढची पायरी त्यांनी गाठली. आपल्या घरातले आजोबा पहिल्यांदा नकार देतील. नकार आला म्हणून विषय कायमचा बंद करू नका. आठ-दहा दिवसांनी, वेगळ्या माणसाच्या तोंडून तो पुन्हा काढा. कधी मुलाचे ऐकत नाहीत, पण नातीचे, भावाचे किंवा गावातल्या आशाताईंचे ऐकतात.

औंढ्याचे देऊळ

विसोबा खेचरांची भेट औंढा नागनाथला झाली असे एक परंपरा सांगते. दुसरी परंपरा बार्शीचे नाव घेते. भेटीची कथा सर्वश्रुत आहे. विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा रागावले नाहीत. पिंडी नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव, असे त्यांनी सांगितले. नामदेव पाय जिथे ठेवायला जात, तिथे पिंडी दिसू लागली. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला त्याचे उत्तर स्वतःला सापडेपर्यंत विसोबांनी धीर धरला.

चांगल्या डॉक्टरकडून हेच अपेक्षित असते. "ही गोळी झोपेची आहे का? सवय लागेल का? किती दिवस घ्यायची?" हे प्रश्न ज्येष्ठांच्या मनात असतात आणि उत्तर मिळाले नाही, तर ते गोळी उशाखाली ठेवतात. म्हणून घरून निघतानाच प्रश्न कागदावर लिहून न्या आणि पहिला प्रश्न रुग्णाला स्वतःला विचारू द्या.

औंढ्याची दुसरी कथाही प्रसिद्ध आहे. नामदेव देवळासमोर कीर्तन करत असताना त्यांना तिथून हटवण्यात आले. ते मुकाट्याने देवळाच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथे कीर्तन सुरू केले. तेव्हा देऊळच त्यांच्याकडे वळले, अशी श्रद्धा आहे.

कथा म्हणून पाहिले तरी त्यात आरोग्यसेवेसाठी मोठा धडा आहे. ज्येष्ठ माणूस उपचार सोडतो तेव्हा आपण म्हणतो, त्यांना कळत नाही. पण कित्येकदा त्यांना दारातच परतवले गेलेले असते. लांब रांग, बसायला जागा नाही, नाव पुकारले ते ऐकू आले नाही, खिडकीवर कोणी तरी तुसड्यासारखे बोलले, डॉक्टरांनी सगळे मुलाशीच बोलून घेतले. अशा वेळी देवळाने वळायला हवे, म्हणजे सेवेने माणसाकडे वळायला हवे. ते काही प्रमाणात शक्य आहे.

- जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी चालते. पथक ग्रामीण भागात ठरलेल्या दिवशी येते का, याची चौकशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करा. सेनगाव, कळमनुरी, वसमत किंवा औंढ्याच्या माणसाला दर वेळी हिंगोली गाठावी लागली नाही, तर भेटी टिकतात.
- टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो दिवसरात्र चालू असतो, बोलणे मराठीत करता येते आणि फोन विनामूल्य आहे. दोन भेटींच्या मधे शंका आली तर याचा उपयोग करा.
- ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे.
- राज्यात ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्या नागरिकांना अर्धे तिकीट आहे आणि महिलांना वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट आहे. भाडे हे न जाण्याचे कारण असेल, तर ते यातून बरेचसे सुटते.
- ऐकू कमी येत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. चष्मा आणि श्रवणयंत्र घरी विसरू नका. ऐकूच आले नाही, तर त्या भेटीचा फारसा उपयोग होत नाही.

सोबत्यांचे जाणे

नामदेव आणि ज्ञानेश्वर यांची मैत्री हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत जिव्हाळ्याचा भाग. ज्ञानेश्वरांनी तीर्थयात्रेला चलण्याचा आग्रह केला, तेव्हा नामदेव विठ्ठलाला सोडून जायला तयार नव्हते. शेवटी गेले, ते मित्राच्या सोबतीने. ती यात्रा त्यांनी तीर्थावळीत वर्णन केली.

१२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर वर्षभराच्या आत सोपानदेव, मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथही गेले. नामदेव तेव्हा पंचविशीत होते. एवढ्या थोड्या काळात एवढे सोबती गमावले. समाधीच्या प्रसंगाचे अभंग त्यांनी रचले. त्यांत संतमेळ्याचा शोक उघडपणे आला आहे. रडणे लपवायचे असते, असे त्यांनी मानले नाही.

म्हातारपणी प्रत्येकाच्या वाट्याला हे येते. जोडीदार जातो, पारावरचे सोबती एकेक करून कमी होतात. हे दुःख आजार नसते आणि प्रत्येक दुःखाला गोळीची गरज नसते. पण दुःख आणि नैराश्य यांतला फरक घरच्यांना कळायला हवा. दुःख लाटांसारखे येते. मधल्या काळात माणूस नातवंडांत रमतो, जेवतो, आठवणी सांगताना हसतोही. नैराश्यात दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक सगळा दिवस मन उदास राहते, कशातच गोडी वाटत नाही, जेवण आणि झोप बिघडते, आपण ओझे झालो आहोत असे वाटत राहते, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला जातो. अशा वेळी "वय झाले, असे व्हायचेच" म्हणून थांबू नका. नैराश्य हा म्हातारपणाचा भाग नाही. तो या वयातही बरा होणारा आजार आहे.

कधी कधी नैराश्यामुळे विसरभोळेपणा येतो आणि घरच्यांना स्मृतिभ्रंश वाटतो. कधी स्मृतिभ्रंशाची सुरुवातच उदासीने होते. थायरॉईडचे बिघाड आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांतही अशीच लक्षणे दिसतात. म्हणून आधी नीट तपासणी, मग औषध.

कीर्तनकार, प्रवासी, परत येणारा

मित्र गेले, पण नामदेवांचे काम थांबले नाही. कीर्तनाच्या परंपरेचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. ते उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. तिथल्या घुमान गावी त्यांचे दीर्घ वास्तव्य झाले. तिथल्या लोकांशी ते तिथल्या लोकांना समजेल अशा भाषेत बोलले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. याच घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

इतके फिरूनही पंढरपूरशी त्यांचे नाते तुटले नाही. वारीचे बळ यातच आहे. वारकरी आषाढी-कार्तिकीला जातो तो त्या दिवशी मन लागले म्हणून जात नाही. तिथी ठरलेली असते, वाट ठरलेली असते, दिंडीत आपली जागा ठरलेली असते. पाऊस असो, पेरणी राहिलेली असो, माणूस निघतो. आणि आला नाही तर दिंडीतले लोक विचारतात, अमुक का आले नाहीत?

ओपीडीची भेटही अशीच बांधता येते.

- तारीख कॅलेंडरवर घरच्या सगळ्यांना दिसेल अशी लिहा. "महिन्याने या" यापेक्षा "महिन्याचा दुसरा मंगळवार" हे जास्त लक्षात राहते.
- सोबत जाणारा माणूस ठरवा आणि त्याला अडचण आली तर दुसरा कोण, हेही ठरवा.
- फाइल, चालू गोळ्यांची पाकिटे आणि इतर आजारांच्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवा.
- गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी नव्या घ्या.
- भेट चुकलीच तर लाजू नका. दुसऱ्या दिवशी फोन करा, पुढच्या ओपीडीला जा. डॉक्टर ओरडतील म्हणून न जाणे, हे उपचार तुटण्याचे एक मोठे कारण आहे.

बरे वाटले की गोळी बंद?

नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ज्येष्ठांमध्ये पूर्ण फरक पडायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे पहिल्या महिन्यात "काही उपयोग नाही" असे वाटणे साहजिक आहे. याच काळात बरेच जण सोडतात. दुसरा धोका बरे वाटू लागल्यावर असतो. बरे वाटल्यानंतरही गोळी सहसा किमान सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात. आजार पूर्वी येऊन गेला असेल तर त्याहून जास्त काळ. बंद करायची वेळ आली की डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करतात. अचानक थांबवल्यास चक्कर, बेचैनी, झोप उडणे असे त्रास होऊ शकतात. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानंतर एकदम थांबवल्या, तर झटकेही येऊ शकतात.

ज्येष्ठांमध्ये काही गोष्टींकडे खास लक्ष द्यावे लागते. नैराश्याच्या काही गोळ्यांनी विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातले सोडियम कमी होऊ शकते. मग गुंगी, गोंधळ, तोल जाणे असे दिसते. अशा वेळी गोळी मनाने थांबवून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. झोपेच्या गोळ्यांनी रात्री उठताना पडण्याचा धोका वाढतो. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांचा काही मानसिक औषधांशी बेबनाव होतो. त्यामुळे घेत असलेले प्रत्येक औषध सांगा. आयुर्वेदिक, झाडपाल्याचे, शेजाऱ्याने दिलेले, सगळे.

एकादशी, उपवास आणि गोळ्या

नामदेवांची जन्मतिथी एकादशी आणि वारकऱ्यांच्या घरात एकादशी पाळली जाते. उपवासाच्या दिवशी गोळ्या चुकवणारे ज्येष्ठ बरेच असतात. श्रावणी सोमवार, नवरात्र, चतुर्मास धरले तर वर्षात चुकलेल्या गोळ्या बऱ्याच होतात. यावर वाद घालण्यापेक्षा आधीच बोलून ठेवणे चांगले. उपवासाला भगर, दूध, फळ खाऊन गोळी घेता येईल का, वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. औषध घेण्याने व्रत मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा ज्यांचा शब्द मानतात अशा महाराजांनी सांगितले तर लवकर पटते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास करू नये.

पायी वारीला जाणाऱ्यांनी पूर्ण प्रवासाला पुरतील एवढ्या गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत जवळ ठेवावी. दिंडीतल्या एका तरी माणसाला औषधांची कल्पना असावी. लिथियम घेणाऱ्यांनी विशेष जपावे. घाम, जुलाब, कमी पाणी आणि काही वेदनाशामक गोळ्या यांमुळे त्याचे रक्तातले प्रमाण धोकादायक पातळीला जाऊ शकते. हात जास्त थरथरणे, उलट्या, जुलाब, जीभ जड होणे, तोल जाणे ही लक्षणे दिसली तर लगेच दवाखाना गाठावा.

भजन, हरिपाठ, देवळातली बैठक हे सगळे जरूर चालू ठेवा. सकाळी उठायला कारण मिळते, माणसे भेटतात, चालणे होते. उपचारात याची मदतच होते. फक्त औषधाची जागा त्याला देऊ नका.

मंगळवेढ्याची वाट

नामदेवांच्या उतारवयातली एक घटना वारकरी परंपरा फार आदराने सांगते. त्यांचे सोबती चोखोबा मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करत असताना भिंत कोसळून इतर मजुरांबरोबर गाडले गेले. हे साल १३३८ मानले जाते, म्हणजे नामदेवांचे वय अडुसष्टच्या आसपास. समाजाने ज्यांना देवळाबाहेर ठेवले, त्या चोखोबांच्या अस्थी शोधायला नामदेव स्वतः मंगळवेढ्याला गेले. कथेप्रमाणे ज्या अस्थींतून विठ्ठलाचे नाम ऐकू आले, त्या त्यांनी ओळखल्या, पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली.

मागे राहिलेल्या माणसाला शोधत जाणे म्हणजे काय, ते यातून कळते. आपण मात्र माणूस जिवंत असतानाच जायला हवे. दोन भेटी चुकल्या, फोन उचलत नाहीत, पारावर येणे बंद झाले, तर घरी जाऊन पाहा. शेजारी, भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, आशाताई, कोणीही हे करू शकते. विचारताना गोळ्यांपासून सुरुवात नको. चहा घ्या, बसा, कसे चाललेय विचारा.

हे दिसले तर थांबू नका

- मरणाबद्दल बोलणे, निरवानिरव करणे, "आता तुमची सुटका होईल" अशी भाषा. ज्येष्ठ माणसाचे असे बोलणे कधीही हलके घेऊ नका. स्पष्ट विचारा, मनात जीव देण्याचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. एकटे सोडू नका. फवारणीची औषधे आणि जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा. १४४१६ वर फोन करा. तातडीचा धोका असेल तर १०८ ला फोन करून रुग्णालयात न्या.
- काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला गोंधळ, माणसे न ओळखणे, नसलेले दिसणे. याचे कारण बहुतेकदा शरीरात असते. संसर्ग, पाणी कमी होणे, औषधाचा परिणाम. त्याच दिवशी रुग्णालय.
- जेवण-पाणी बंद होणे.
- पडणे, विशेषतः औषध बदलल्यानंतर.

पायरी

१३५० साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, नामदेवांनी पंढरपूरला देह ठेवला असे महाराष्ट्रातली परंपरा मानते. पंजाबातली परंपरा त्यांचा शेवट घुमानला सांगते. पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेव पायरी म्हणून ओळखली जाते. मंदिरात जाणारा प्रत्येक जण त्या पायरीपाशी क्षणभर थांबतो.

उपचारात घरच्या माणसांची भूमिका अशीच पहिल्या पायरीची असते. औषध डॉक्टर ठरवतात, ते घ्यायचे की नाही याचा निर्णय शक्य तोवर रुग्णाचा असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाच्या संमतीला महत्त्व दिले आहे आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला आहे. पण दवाखान्याच्या दारापर्यंत पाऊल टाकण्यासाठी आधार लागतो, तो घरातूनच मिळतो.

आज घरी एवढेच करा. आजी-आजोबांची फाइल काढा, पुढच्या भेटीची तारीख पाहा आणि ती निघून गेली असेल तर पुढच्या ओपीडीला कोण सोबत जाणार, ते रात्री जेवताना ठरवा.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.*